नैराश्यावरील औषधांची रक्तातील पातळी : तपासणी कधी करावी आणि रिपोर्ट कसा वाचावा?

धागा : निशिगंध

सप्रेम नमस्कार.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि गेली काही वर्षे औषधांची रक्तातील पातळी मोजणाऱ्या विभागात आहे. फिट्सच्या गोळ्या, लिथियम आणि अवयव प्रत्यारोपणानंतर द्यावी लागणारी औषधे यांचे नमुने आमच्याकडे रोज येतात. नैराश्यावरील औषधांचे नमुने त्या मानाने मोजकेच येतात, आणि जे येतात त्यांच्यासोबतच्या फॉर्मवर ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली’ हा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. हा धागा त्या कोऱ्या रकान्यासाठी काढते आहे.

काही दिवसांपूर्वीची एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्या एका बाईंचे रक्त दुपारी एक वाजता काढले गेले. त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे साडेसातला घेतली होती, कारण ‘उपाशी यायची गरज नाही’ एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. या औषधाची आणि शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या डेस्मिथाइल रूपाची मिळून पातळी १०० ते ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असणे अपेक्षित धरतात. त्यांचा आकडा ४६० आला, रिपोर्टवर तो ठळक अक्षरांत ‘हाय’ म्हणून छापला गेला आणि तो पाहून त्यांचा डोस कमी केला गेला. पाच-सहा आठवड्यांत त्यांचे दुखणे पुन्हा उलटले. १०० ते ४०० ही मर्यादा पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीच्या, म्हणजे दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीसाठी असते. मोजलेला आकडा मात्र गोळी चढत असतानाचा होता. आमच्या यंत्राने काहीही चूक केली नव्हती, आणि तरीही तो रिपोर्ट चुकीचा ठरला. ही सल माझ्या मनातून जात नाही.

मुळात ही पातळी मोजायची कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम दाब मोजून कळतो आणि मधुमेहाच्या गोळीचा साखरेवरून. नैराश्यावरील औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तो दिसला नाही, तर कारण औषधात आहे, डोसमध्ये आहे, आजारात आहे की गोळी पोटात गेल्यावर तिचे जे काही होते त्यात आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या रुग्णालयात रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण ओळखला आणि १९५७ साली तो प्रसिद्ध केला. त्यानंतर दहाच वर्षांत स्वीडनमध्ये फोल्के श्योक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, याच, म्हणजे ट्रायसायक्लिक, कुळातल्या औषधांचा अगदी सारखा डोस घेणाऱ्या माणसांच्या रक्तातील पातळीत प्रचंड तफावत असते. १९६९ साली त्यांनी जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलिन देऊन पाहिले. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या पातळ्या एकमेकींच्या जवळ आल्या, दोन बीजांपासून झालेल्यांच्या तशा आल्या नाहीत. म्हणजे ही तफावत बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेली असते. १९७१ मध्ये मारी ओस्बर्ग यांच्या अभ्यासातून त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली : नॉरट्रिप्टिलिनची पातळी साधारण ५० ते १५० नॅनोग्रॅमच्या दरम्यान असलेल्या रुग्णांना सर्वांत जास्त गुण येत होता, त्याखाली तो कमी होता आणि, नवल म्हणजे, त्यावर गेल्यावरही कमी होता. गुण येत नाही म्हणून डोस वाढवत नेणारा डॉक्टर अशा रुग्णाला नकळत बरे होण्यापासून दूर नेत असतो.

या तफावतीमागे मुख्यतः यकृतातली एन्झाइम्स आहेत. सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही दोन नावे या धाग्यात पुन्हा पुन्हा येतील. पहिले नॉरट्रिप्टिलिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अशा औषधांचे रूपांतर करते, तर दुसरे सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्रामचे. काहींच्या शरीरात यांतले एखादे जवळजवळ कामच करत नाही आणि काहींच्या शरीरात ते झपाट्याने चालते. सीवायपी२सी१९ मंद असणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा आपल्या उपखंडात जास्त आहे, आणि एस्सिटालोप्राम आपल्याकडे अगदी सर्रास दिले जाते, हे दोन्ही एकत्र ध्यानात घ्यावे.

आता मोजणीविषयी. चांगल्या प्रयोगशाळेत हे काम द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या जोडीने होते. थोड्याशा सीरममध्ये ॲसिटोनायट्राइल घालून प्रथिने खाली बसवतात. त्याआधी त्यात तेच औषध, पण हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले, ठराविक प्रमाणात मिसळतात, म्हणजे वाटेत जेवढे मूळ औषध वाया जाईल तेवढेच हेही जाईल आणि हिशेब बिघडणार नाही. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा नितळ भाग कॉलममधून सोडतात. तिथे रेणू वेगळे होतात आणि पुढे त्यांचे वस्तुमान व त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान अशी दुहेरी ओळख पटवली जाते. जुन्या पद्धतीची प्रतिपिंडांवर आधारलेली झटपट चाचणी ट्रायसायक्लिक औषधांचे पूर्ण कूळ एकत्र मोजते, आणि कार्बामाझेपिन किंवा क्वेटियापिनसारखी वेगळीच औषधेही तिला फसवू शकतात. रुग्ण हीदेखील औषधे घेत असेल, तर कोणत्या पद्धतीने मोजले हे रिपोर्टवर पाहणे आवश्यक आहे.

नमुन्याच्या ट्यूबबद्दलही सांगायला हवे. जेल असलेल्या ट्यूबमध्ये रक्त बराच वेळ राहिले, तर ट्रायसायक्लिक औषधे त्या जेलमध्ये शोषली जातात आणि पातळी खोटीच कमी दिसते. लिथियमचे रक्त चुकून लिथियम हेपॅरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतले, तर उलट होते : ट्यूबमधलेच लिथियम मोजले जाते आणि धडधाकट माणसाला विषबाधा झाल्यासारखा आकडा येतो.

आणि शेवटी वेळ. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर औषधाची चार ते पाच अर्धायुष्ये (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ म्हणजे एक अर्धायुष्य) उलटल्याशिवाय पातळी स्थिरावत नाही. एस्सिटालोप्रामचे अर्धायुष्य साधारण ३० तासांचे आहे, त्यामुळे त्याला आठवडाभर पुरतो, आणि वयस्कांत थोडे अधिक दिवस लागतात. फ्लुओक्सेटिनपासून तयार होणारे नॉरफ्लुओक्सेटिन ४ ते १६ दिवसांच्या अर्धायुष्याचे असल्यामुळे तिथे पाच आठवड्यांच्या आत केलेली तपासणी फारसे काही सांगत नाही. रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढावे. गोळी रात्रीची असेल, तर १२ ते १६ तासांनी काढले तरी चालते.

मानसोपचाराच्या क्षेत्रातले कोणी इथे असतील, तर त्यांनी अवश्य लिहावे. तुम्ही लोक ही तपासणी इतकी कमी का सांगता, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : औदुंबर

निशिगंधताई, धाग्याबद्दल आभार. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे प्रश्नाचा रोख माझ्याकडे आहे असे समजून उत्तर देतो.

ट्रायसायक्लिक औषधांबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. लिथियमची पातळी न पाहता लिथियम देणे तर मी निष्काळजीपणाच मानतो. पण आज माझ्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांना एसएसआरआय गटातली, म्हणजे सेरोटोनिनच्या वाहक रेणूंना अडवणारी, औषधे (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे) असतात, आणि तिथे चित्र वेगळे आहे. टोरांटोत मेंदूचे पीईटी स्कॅन करून झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या औषधांच्या नेहमीच्या किमान डोसलाच सेरोटोनिनच्या वाहक रेणूंपैकी सुमारे ८० टक्के अडवले जातात. त्यानंतर पातळी दुप्पट केली, तरी अडवण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही. त्यामुळे पातळी आणि गुण यांचा संबंध नॉरट्रिप्टिलिनइतका सरळ दिसत नाही. जर्मन भाषक देशांतल्या एजीएनपी या संघटनेने २००४, २०११ आणि २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही लिथियम आणि प्रमुख ट्रायसायक्लिक औषधांना शिफारशीची सर्वांत वरची श्रेणी आहे, तर बहुतेक नव्या औषधांना त्याखालची. माझ्या रुग्णांपैकी अनेकांना महिन्याच्या गोळ्यांचा खर्चच जेमतेम झेपतो. ज्या आकड्याने माझा निर्णय बदलणार नाही, त्यासाठी मी त्यांना पैसे भरायला लावू शकत नाही.

मग मी कधी सांगतो? योग्य डोस पुरेसे आठवडे देऊनही गुण नसेल तेव्हा. अगदी लहान डोसला फार त्रास होत असेल तेव्हा. यकृताचा आजार, उतारवय किंवा एकमेकांत अडकणारी अनेक औषधे असतील तेव्हा. आणि गर्भारपणात, कारण त्या काळात सीवायपी२डी६ चे काम वाढते आणि सीवायपी२सी१९ चे मंदावते, म्हणजे एकाच बाईच्या रक्तात एक औषध उतरते आणि दुसरे चढते.

एक इशाराही देऊन ठेवतो. ट्रायसायक्लिक गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्याची शंका असेल, तर पातळीच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नये. तिथे तातडीचा ईसीजी आणि रुग्णालय हेच पाहायचे असते. ईसीजीतली क्यूआरएस नावाची लहर रुंदावणे हा धोक्याचा जो इशारा देते, तो त्या वेळी आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

प्रतिसाद : तगर

डॉक्टर, तुमचे म्हणणे पटते, पण ‘निर्णय बदलणार नाही’ या शब्दांपाशी मी अडखळले. आमच्या घरात या एका आकड्याने निर्णयच नव्हे, माणसांची मनेही बदलली आहेत.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षे सर्ट्रालिन घेत होता आणि चांगला सावरला होता. मग त्याला क्षयरोग निघाला. क्षयाची औषधे सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत तो पुन्हा अंथरुणाला खिळल्यासारखा झाला : बोलणे बंद, जेवण बंद. घरात सगळ्यांची खात्री झाली की, इतक्या गोळ्यांना कंटाळून त्याने मनाची गोळी सोडली आहे. आई त्याच्या उशाखाली आणि कपाटात गोळ्या शोधायची. वडील समोर उभे राहून गोळी गिळायला लावायचे आणि मग तोंड उघडून दाखवायला सांगायचे. तो एकदाच म्हणाला, ‘मी घेतोय रे दादा.’ त्याच्या या शब्दांवर आमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवला नाही.

नव्या डॉक्टरांनी सकाळच्या गोळीपूर्वी रक्त काढून पातळी पाहायला सांगितली. घरातल्यांच्या डोळ्यांदेखत रोज गोळी घेऊनही ती अपेक्षित मर्यादेच्या खाली, नावापुरतीच होती. डॉक्टरांनी समजावले की, क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमांना इतके कामाला लावते की, इतर औषधे रक्तात टिकतच नाहीत. वडील त्या दिवशी भावाशेजारी बराच वेळ नुसते बसून राहिले. पुढे डोस बदलला, पुन्हा पातळी पाहिली आणि हळूहळू तो सावरला.

प्रतिसाद : निशिगंध

तगर, तुमचा प्रतिसाद वाचून मला काही वेळ लिहिता आले नाही. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

डॉक्टरांना उत्तर म्हणून मी जे लिहिणार होते, ते तगर यांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. तरी थोडी भर घालते. पातळी कमी आली की, ‘रुग्ण गोळ्या घेत नाही’ हा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. कित्येकदा हा आकडा फौजदाराच्या दंडुक्यासारखा वापरलेला मी पाहिला आहे. वास्तविक मूळ औषध आणि त्याचे रूपांतरित रूप असे दोन्ही मोजले, तर त्यांच्या गुणोत्तरातून बरेच कळते. ॲमिट्रिप्टिलिन थोडे आणि नॉरट्रिप्टिलिन त्या मानाने भरपूर असेल, तर गोळी पोटात गेली आहे आणि शरीर तिचे रूपांतरही वेगाने करत आहे, असा अर्थ निघू शकतो. उलट मूळ औषध भरपूर आणि रूपांतरित रूप अगदी नगण्य असेल, तर तपासणीच्या तोंडावर एखादी गोळी घेतली गेली असावी, किंवा एन्झाइम मंद असावे. हा फरक सांगता यावा म्हणून दोन्ही मोजावीत. केवळ मूळ औषध मोजून पाठवलेला रिपोर्ट मला अपुरा वाटतो.

क्षयाच्या बाबतीत एक गोष्ट तातडीने ध्यानात ठेवावी लागते. रिफॅम्पिसिन थांबल्यावर एन्झाइमांचा हा वेग साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, आणि दरम्यान वाढवलेला डोस तसाच राहिला, तर पातळी वर चढत जाते. म्हणून क्षयाचा कोर्स संपण्याची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधीच कळवलेली असावी. क्षयाच्या आणि मनाच्या अशा दोन डॉक्टरांच्या दोन फायली एकमेकींना भेटतच नाहीत, हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे आहे.

क्षय आणि नैराश्य यांचे नाते औषधांच्या इतिहासातही आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले जात होते, आणि त्या खंगलेल्या रुग्णांची मने उल्हसित झालेली दिसली. पुढे तेच औषध नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरले.

प्रतिसाद : दूरदेशी

मी जर्मनीत राहतो आणि पत्नीच्या उपचारांमुळे या तपासणीशी परिचय झाला. तिच्या फॉर्मवर डोस, शेवटच्या गोळीची वेळ आणि सोबतची औषधे तर विचारली होतीच, शिवाय ‘धूम्रपान करता का, दिवसाला किती’ हाही प्रश्न होता. तो प्रश्न तिथे कशासाठी आहे, हे मला त्या वेळी उमगले नाही. तंबाखू आणि नैराश्याच्या गोळीचा काय संबंध? आपल्याकडे तर मिश्री लावणारे आणि तंबाखू मळणारे किती तरी आहेत.

प्रतिसाद : औदुंबर

संबंध धुराशी आहे. विडी-सिगारेटच्या धुरातले काही हायड्रोकार्बन सीवायपी१ए२ या एन्झाइमला वेग देतात. ड्युलोक्सेटिनची पातळी त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे एकतृतीयांशाने कमी होते, आणि स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनवर तर हा परिणाम फार मोठा असतो. हे काम निकोटिनचे नाही, त्यामुळे मिश्री किंवा मळलेल्या तंबाखूने ही पातळी अशी घसरत नाही. (मिश्रीचे बाकीचे दुष्परिणाम आहेत तिथेच राहतात.) महत्त्वाची वेळ असते रुग्णालयात भरती झाल्याची : तिथे विडी बंद होते, डोस तोच राहतो आणि आठवड्याभरात पातळी चढते. घरी परतल्यावर विडी सुरू झाली की उलटे होते.

तगर, तुमच्या प्रतिसादानंतर माझे वाक्य मी दुरुस्त करतो. तपासणी न सांगण्यामागे खर्च हे खरे कारण असतेच, पण ‘घेत नसेल’ हे गृहीत धरणे सोपे जाते, हेही एक कारण असते. मीही ते केले आहे.

प्रतिसाद : सुरंगी

हा धागा मला अगदी वेळेवर सापडला. माझी आई ७१ वर्षांची आहे. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम रात्री, ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल सकाळी आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली गोळी असे तिचे चालू आहे. महिनाभर ती गळून गेल्यासारखी असते, कधी दिवस-वार विसरते, आणि दोनदा तोल जाऊन पडली. डॉक्टरांनी उद्या एस्सिटालोप्रामची पातळी पाहायला सांगितली आहे. तिची गोळी रात्री नऊला असते. उद्या नेमके काय काय पाळावे?

प्रतिसाद : निशिगंध

सुरंगी, आज रात्रीची गोळी रोजच्या वेळेला, रोजच्यासारखीच द्या. उद्या नऊ ते एकच्या दरम्यान कधीही रक्त दिलेत, तर १२ ते १६ तासांचे अंतर राखले जाईल. चहा-नाश्ता चालेल. डोस कधीपासून तोच आहे, काल गोळी किती वाजता घेतली, रक्त किती वाजता काढले आणि सोबत कोणत्या गोळ्या आहेत, एवढे फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा. रकाना नसला तर कोपऱ्यात लिहा. साधी जेल नसलेली ट्यूब वापरणार का, हे विचारा. रिपोर्ट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर न येता तुमच्याच क्रमांकावर यावा, असेही आधीच सांगून ठेवा. आपल्या आजाराविषयी गोपनीयता राखली जाणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

प्रतिसाद : औदुंबर

सुरंगी, तपासून न पाहता निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून एक विचारा : त्याच रक्तात सोडियम पाहू का? वयस्कांमध्ये एसएसआरआय गटातल्या औषधांनी सोडियम उतरू शकते आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळीतल्यासारखे थायाझाइड सोबत असेल, तर धोका वाढतो. गळून जाणे, विसरणे, तोल जाणे हे सगळे त्याने होऊ शकते. ही तपासणी स्वस्त आहे आणि गल्लीतल्या लॅबमध्येही त्याच दिवशी होते. दुसरे, ओमेप्राझोल सीवायपी२सी१९ ला अडवते, त्यामुळे एस्सिटालोप्रामची पातळी वाढते. त्याच्या सख्ख्या भावाच्या, सिटालोप्रामच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने साठीच्या पुढे आणि हे एन्झाइम मंद असणाऱ्यांत दिवसाला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तर युरोपात ६५ वर्षांपुढे एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमपर्यंतच देतात. कोणतीही गोळी मात्र मनाने बंद करू नका.

प्रतिसाद : सुरंगी

सर्वांचे आभार. डॉक्टरांनी फोनवर लगेच होकार दिला. सोडियम त्याच दिवशी संध्याकाळी १२६ आले. १३५ च्या खाली कमी धरतात म्हणे. आईला तातडीने दाखल करून घेतले. एस्सिटालोप्रामचा रिपोर्ट चार दिवसांनी आला : ६१. मर्यादा १५ ते ८० असल्यामुळे त्यावर कुठलीही ठळक अक्षरे नव्हती.

प्रतिसाद : निशिगंध

म्हणजे आकडा मर्यादेत आणि आई रुग्णालयात. १० मिलिग्रॅमवर बहुतेकांची पातळी या पट्ट्याच्या खालच्या टोकाला सापडते, त्यामुळे ६१ हा त्या डोसच्या मानाने चढाच आहे. वय, ओमेप्राझोल आणि कदाचित मंद एन्झाइम यांचा त्यात वाटा असू शकेल. आमच्या रिपोर्टवर मर्यादेशेजारी ‘या डोसला अपेक्षित पातळी’ असाही एक रकाना असावा, असे मी आमच्या विभागप्रमुखांना उद्या लेखी देणार आहे. आई आता कशा आहेत?

प्रतिसाद : सुरंगी

रक्तदाबाची गोळी बदलली आहे, ओमेप्राझोल बंद केले आहे आणि एस्सिटालोप्राम तूर्त थांबवून दुसरे औषध द्यायचे की कसे, हे सोडियम सावरल्यावर ठरणार आहे. आज ते १३२ आहे. सकाळी तिने मला वार विचारला नाही, ‘आज गुरुवार ना, दत्ताच्या देवळात कोण गेलं?’ असे विचारले. पुढचे रक्त शनिवारी द्यायचे आहे. फॉर्म घरी आणून भरून ठेवला आहे.